पेरूचं बटण

मशीन वाजलं तेव्हा द्वारकाबाईचं बोट पेरूवर होतं. आंबा सगळ्यात वर, पिवळाधमक, पार्किंगच्या दारातूनही दिसेल असा ठसठशीत छापलेला. पेरू बराच खाली, सीताफळाला खेटून. नवऱ्यानं, कडूबांनी, मागं उभं राहून सांगितलं होतं, "आंबा दाब." तिनं "व्हय" म्हणून मानही हलवली होती. मान एकीकडं गेली आणि बोट दुसरीकडं. सवय एकदा अंगात मुरली की ती माणसाला विचारायला थांबत नाही. मशीन तरी कसलं, पुठ्ठ्याचं खोकं, आत एक बझर आणि वर फळांची चित्रं. मतदान कसं करायचं याची नुसती तालीम. पण त्या करुणा नावाच्या पोरीनं टाळी वाजवली आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वा! काकूंनी पेरूला दिलं!" प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली मंडळी हसली. कडूबाही हसले. पण नवरा सगळ्यांच्या शेवटी हसला, हे द्वारकाबाईच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

तशी ही मतदार नोंदणीची माणसं आल्यापासून सोसायटीत जो तो दुसऱ्याकडं डोळे बारीक करूनच बघत होता. करुणा साळवे मूळची सिल्लोडकडची, इथं कॉलेजात शिकणारी; तिच्यासोबत राजकुमार सर म्हणून एक निवृत्त मास्तर. दसऱ्याच्या आधीपासून दर रविवारी ते जालना रोडच्या कडेच्या सोसायट्यांमधून फिरायचे, नव्या मतदारांची नावं घालून द्यायचे, घर बदललेल्यांची नावं इकडं आणून द्यायचे. पैसे मागत नव्हते, आणि खरी पंचाईत तीच होती. फुकटात कोण उन्हातान्हात हिंडतं? खालच्या मजल्यावरच्या भामाबाईंनी आधारची झेरॉक्स दिली ती तिच्यावर आडव्या रेघा मारून, कुणी त्यावर कर्ज काढू नये म्हणून. कडूबा तर या बाबतीत सगळ्यांचे गुरू. "कोन्या पक्षाचे तुमी?" त्यांनी दारातच विचारलं होतं. पोरगी म्हणाली, "कोणत्याच नाही, काका." "असं कुठं असतंय व्हय? दूध न देनारी गाय कोन पाळतं?" त्यांनी तिचं कॉलेजचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, सरांना त्यांचं गाव, शाळा, जावई काय करतो, सगळं विचारलं. चिकलठाण्यातल्या जुन्या घराच्या पत्त्यावरून नवरा-बायकोची नावं या नव्या फ्लॅटवर आणायची होती आणि कडूबांना एकच धास्ती होती, की तिकडून काढलं अन् इकडं लागलंच नाय तर? पोरीनं न चिडता सगळं केलं. नावं इकडं लागली, मोबाइलवर दिसली, तेव्हा कुठं कडूबांनी दोघांना चहा पाजला आणि तालमीच्या दिवशी बायकोला स्वतःहून खाली घेऊन आले. "चल, शिकून घे. तिथं गोंधळशील." जन्मभर जे काम तिनं चोख केलं, तेच शिकायला नवऱ्यानं तिला हाताला धरून नेलं होतं.

वर जाताना लिफ्टमध्ये दोघंच होती. कडूबा दाराकडं बघत म्हणाले, "मी आंबा म्हन्लो होतो."  काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे जिभेवर आलं ते तिनं बोलून टाकलं. "मला नीट दिसलंच नाय वो. आताशा अंधुकच दिसतंय. आंबा कुठला अन् पेरू कुठला." कडूबा "असं व्हय," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "दाब बरं आपला मजला." तिचा हात सरळ चारवर निघाला होता. अगदी बटणाजवळ पोचल्यावर तिला भान आलं. मग तिनं बोट वरखाली फिरवलं, दोनला लावलं, तीनला लावलं, शेवटी डोळे बारीक करून चार दाबलं. कडूबा बघत होते. त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं की माणूस लिफ्टमध्ये बोलतो तसं सहज? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तिला आता नवऱ्याच्या खोकण्यातही अर्थ दिसायला लागला.

संध्याकाळी बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालताना तिला जुनं घर आठवलं. चिकलठाण्यात तेव्हा शेतं होती, मग शेतांवर कारखाने आले आणि कडूबा त्यातल्याच एका कारखान्यात लागले. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी राजकारण. मतदानाच्या सकाळी ते स्वयंपाकघरात येत, परातीतलं चिमूटभर पीठ घेऊन जमिनीवर आपल्या माणसाचं चिन्ह काढत आणि सासू, जावा, द्वारकाबाई अशा सगळ्या बायकांना ओळीनं दाखवत. "हे असं दिसतंय. याच्यावरच शिक्का. इकडंतिकडं बघायचं नाय." मग सासू पायानं ते पीठ पुसायची आणि डोक्यावर पदर घेऊन सगळ्या जणी शाळेकडं निघायच्या. लग्नानंतरचं तिचं पहिलं मतदान असंच होतं. त्या घरात न्हाणीला दार नव्हतं, गोणपाट होतं, आणि गोणपाटाबाहेर कुणीतरी "आटप" म्हणत उभं असायचं. झोपायला गेलं तर पलीकडं दिराचं खोकणं. रडायला विहिरीवर जावं तर तिथं चार घागरी आधीच हजर. आणि शाळेच्या त्या वर्गात, खोक्याच्या आडोशाला, हातात शिक्का घेऊन ती उभी राहिली तेव्हा तिच्याकडं कुणीही बघत नव्हतं. खडूचा वास येत होता. शाईच्या गादीवर शिक्का टेकवताना ओलं, मऊ काहीतरी बोटाला लागलं. कागदावर पिठातलं चिन्ह होतं आणि त्याच्या बऱ्याच खाली कुणा अपक्षाचं शिलाई मशीन होतं. तिच्या बापानं लासूर स्टेशनच्या बाजारातून घेऊन दिलेलं शिलाई मशीन सासूनं नुकतंच नणंदेच्या लग्नात देऊन टाकलं होतं. तिला विचारलंही नव्हतं. तिनं शिक्का मशीनवर मारला. एवढ्या जोरात मारला की बाहेरच्यांना ऐकू गेला असेल असं वाटून तिची कानशिलं तापली. बाहेर सासू म्हणाली, "मारला का नीट?" ती म्हणाली, "व्हय."

निकालाच्या दिवशी कडूबा जेवताना हसत होते, "त्या शिलाई मशीनवाल्याला बी मतं पडली बरं का! कोन येडे असतील?" आणि ती भाकरी थापत होती. त्या दिवशीची भाकरी अशी फुगली की जाऊ बघत राहिली. पुढं शिक्क्याची बटणं झाली, खोकं बदललं, पण तो आडोसा तसाच राहिला. ती रागानं उलटं करायची असं कुणी समजू नये. ती ऐकायची, बघायची, गल्लीत नळ कुणी आणला, कोण नुसताच हात जोडून गेला, हे मनात ठेवायची आणि आडोशामागं जाऊन आपला निवाडा द्यायची. एकदा तर तिला नवऱ्याचाच माणूस बरा वाटला आणि तिनं त्यालाच दिलं. पण तेही आपल्या मर्जीनं, आणि त्याचं तिला वाटेत इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. लुगडी, दागिने, लेकाचं अतुल हे नाव, त्याची पुण्यातली नोकरी, हा फ्लॅट, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. हे तेवढं तिचं होतं.

पण कडूबांना फुटलेल्या मताचा वास यायचा, हेही खरं. एका निवडणुकीत त्यांचा माणूस थोडक्यात पडला. रात्रंदिवस राबले होते बिचारे. त्यांनी आपल्या शाळेच्या खोलीतली मतं जुळवून पाहिली आणि ठरवलं, भावकीतलंच कुणीतरी फुटलंय. संशय गेला चुलतभावावर, गोकुळवर. गोकुळनं मारुतीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. कडूबा म्हणाले, "मारुती बोलत नाय म्हनून तुझं फावतंय." तेव्हापासून गोकुळच्या घरी लग्न असो की मयत, या घराचा पाय तिकडं पडला नाही. गोकुळची बायको दगडाबाई बाजारात भेटली की अजूनही डोळ्यांत पाणी आणून सांगायची, "आमची मतं तिकडंच होती वो आक्का, आईच्यान." द्वारकाबाई पिशवीतली कोथिंबीर खालीवर करत राहायची. आपल्या एका मतानं कुणी पडत नाही, हे तिला कळत होतं. पण नवऱ्यानं आपल्या रक्ताच्या भावाला एवढ्यावरून तोडलं. बायकोचं काय करील?

दुसऱ्या दिवशी कडूबा बाजारातून आले आणि पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाले, "घे. पेरू आनलेत." द्वारकाबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. बरोबर हंगाम होता, जालना रोडवर गाड्याच गाड्या लागल्या होत्या, कुणीही आणले असते. पण हे गृहस्थ कधी फळ आणत नव्हते. फळ आणायचं ते दवाखान्यात कुणी असलं तर. "आज काय मधीच पेरू?" "तुला आवडतो ना." त्यांनी स्वतः सुरी घेतली, फोडी केल्या, मीठतिखट लावलं आणि ताटली पुढं सरकवली. ती खात होती आणि ते समोर बसून बघत होते. पेरूची बी दाढेत अडकली. तिला ती जिभेनं काढायचीही चोरी झाली. हे प्रेम म्हणावं की टोमणा? इतक्या वर्षांच्या संसारात तिला या माणसाचं पोट साफ झालं की नाही तेही चालण्यावरून कळायचं, आणि आज ताटलीभर पेरूचा अर्थ लागत नव्हता. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं ठरवलं, मग आठवलं की आपल्याला अंधुक दिसतंय, आणि नजर फोडींवर ठेवली.

एक खोटं बोललं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. ती सुई ओवायची थांबली. मोबाइलवर अतुलचा फोटो आला तर "कोन हाय हे?" म्हणू लागली. तांदूळ निवडताना स्वच्छ दिसणारा खडा तिनं बोटानं उचलला, पुन्हा ताटात टाकला, आणि जेवताना कडूबांच्या दाढेखाली तो कचकन वाजला तेव्हा तिनंच डोळे मिटले. एरवी असा खडा लागला असता तर ताट भिंतीवर गेलं असतं. कडूबांनी नुसता खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. हीच गोष्ट तिला जास्त भीतिदायक वाटली. बाल्कनीतून विमान उतरताना दिसलं की ते हटकून विचारायचे, "बघ गं, काय लिव्हलंय त्याच्यावर?" विमानावरची अक्षरं तिला लख्ख दिसायची. "कुठं काय लिव्हलंय? पांढरं कायतरी गेलं." ते मान हलवायचे. रस्ता ओलांडताना ते आता तिचं मनगट धरायचे, सगळ्यांदेखत. लग्नातल्या सप्तपदीनंतर बहुधा पहिल्यांदाच. त्यांचा तळवा गरम आणि खरखरीत होता. कधी त्या पकडीत माया आहे असं वाटून तिला लाज वाटायची, की आपण या म्हाताऱ्याला उगाच वैरी समजतोय. आणि लगेच वाटायचं, मनगट धरणारा माणूस मनगट सोडतही नाही.

त्यातच तिच्या डोक्यात आणखी एक किडा शिरला. तालमीच्या वेळी राजकुमार सरांनी सांगितलं होतं, की बटण दाबलं की शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते, आपण कुणाला दिलं ते बघायचं, मग ती आपोआप पेटीत पडते. तिला चिठ्ठी काही नवी नव्हती. मागच्या खेपांना ती पुढं वाकून काचेवर पदर धरून उभी राहिली होती. पण पेटीत पडते म्हणजे राहते, आणि राहते म्हणजे कधीतरी कुणीतरी वाचतं, हे तिच्या ध्यानात आताच आलं. कडूबांच्या ओळखी कमी होत्या का? कुठल्या तरी गोदामात तिच्या चिठ्ठ्या पडून असतील, आणि कुणी सांगितलं असेल, की कडूबा, तुमच्याच घरात बघा. म्हणून पेरू आणले? करुणा म्हणाली होती की चिठ्ठीवर मतदाराचं नाव नसतं काकू, मत गुप्त असतं. पोरीचं वयच काय! नाव नसलं म्हणून गल्लीला बाई ओळखू येत नाही का?

आणि मग एका दुपारी, चहाची बशी तोंडाला लावता लावता, कडूबा म्हणाले, "मी इचारून घेतलंय. ज्याला दिसत नाय त्याला संगं मानूस नेता येतो आत. मी येतो तुझ्यासंगं." तिला आधी कळलंच नाही. "कुठं?" "मतदानाला. आत. मशीनपशी. तू कशाला तरास घेती? मीच दाबतो तुझं बी." बशीतला चहा त्यांनी फुर्र करून ओढला. द्वारकाबाईला गोणपाट आठवलं, आणि गोणपाटाबाहेरचे पाय. म्हणजे आता आडोशाच्याही आत. लपायला जिथं गेले त्याच जागेचं दार मीच नवऱ्याला उघडून दिलं, असं वाटून तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं कप धुता धुता त्याचा कान तोडला. कडूबा बाहेरून म्हणाले, "दिसलं नाय का? असू दे, मी भरतो काचा."

रविवारी करुणा घरी आली. या खेपेला ती आजारी, अपंग, म्हाताऱ्या मतदारांची विचारपूस करत होती. कुणाला चाकाची खुर्ची लागेल, कुणाला मदत लागेल. कडूबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घसा खाकरून सांगितलं, "लिहा. द्वारकाबाई कडूबा औताडे. दिसत नाय. संगं नवरा."

पोरगी लगेच लिहायला वळली नाही. "काका, अगदीच बटण ओळखता येत नसेल तरच सोबत माणूस घेता येतो. तो त्यांच्या वतीनं बटण दाबतो. आणि शेवटी तिथले अधिकारी ठरवतात."

"साहेबाला मी सांगतो की. मी नवरा हाय, कोनी परका नाय. ती म्हनंल तेच दाबीन."

ती म्हणेल तेच. द्वारकाबाईच्या मनात क्षणभर आलं, की आत गेल्यावर खरंच सांगितलं तर? खालून दुसरं दाबा म्हटलं तर? हा माणूस दाबील? त्याचा चेहरा कसा होईल? मशीनपाशी वाकलेले कडूबा, आणि त्यांच्या कानाला लागलेली आपण. तिला हसू येईल असं वाटलं आणि आलं ते रडू. तिनं तोंडावरून पदर फिरवला.

करुणा तिच्याकडं वळली. "काकू, तुम्ही सांगा. तुम्हाला दिसतं ना?"

दिसत नाही म्हटलं तर मत गेलं. दिसतं म्हटलं तर पेरू आला, आणि पेरूच्या मागून सगळंच आलं, पार शिलाई मशीनपर्यंत. तिनं कडूबांकडं पाहिलं. या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडं नीट, डोळे बारीक न करता पाहिलं. गालावर दाढी करताना सुटलेले पांढरे खुंट होते, शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात अडकलं होतं. तिला सगळं दिसत होतं.

"दिसतं," ती म्हणाली. "सुई बी ओवता येते मला."

कडूबांचा हात मांडीवर फिरत होता तो थांबला. "मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी दिसत होतं. आंबा वर होता. मी पेरू दाबला."

"चुकून." ते विचारत होते की सांगत होते, कळलं नाही. आवाजात विनवणी होती, आणि ती ऐकून तिला त्यांची खरोखर दया आली. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. आयुष्यभर म्हटलं तसं.

"नाय. मला पेरूच पाहिजे होता."

डोक्यावरून विमान गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. करुणा आपल्या पिशवीच्या बंदाकडं बघत होती. कडूबा बायकोकडं बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत एकेक निवडणूक मागं मागं जाताना तिला दिसली. ते कुठं पोचले तेही तिला कळलं, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे तेव्हा... गोकुळच्या वक्ताला... तू?"

"या पोरीनं काय शिकवलं खाली? मत गुप्त असतं."

"मी नवरा हाय तुझा."

"व्हय. तुमी नवरा हायेत." ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "अन् दिवाळीला गोकुळ भावजींना जेवायला बोलवा. दगडाबाईला बी. त्यांचा काय बी दोष नव्हता."

करुणानं हळूच विचारलं, "मग काकू, मदत लागणार नाही असं लिहू ना?" द्वारकाबाई म्हणाली, "नाय लागनार." कडूबांनी ओट्यावरच्या टोपलीकडं पाहिलं, शेवटचा पेरू तिथं पिकून मऊ पडला होता.  पोरगी गेली, लिफ्टचा आवाज आला, तरी ते तसेच बसून होते. द्वारकाबाईनं डब्यातले तांदूळ ताटात ओतले, ताट उजेडाकडं धरलं आणि त्यांच्या समोरच खडे वेचायला बसली.